एंडसेमला एकवीस दिवस : नोकरी, प्रवास आणि सबमिशन सांभाळून अभ्यास कसा बसवायचा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या २०१९ पॅटर्नमध्ये थिअरीचा पेपर दोन तुकड्यांत होतो. पहिल्या दोन युनिट्सवर ३० गुणांची इनसेम, म्हणजे सत्र चालू असतानाची परीक्षा, आणि उरलेल्या चार युनिट्सवर ७० गुणांची, अडीच तासांची एंडसेम, म्हणजे सत्राच्या शेवटची. विषय पाच धरले तर एंडसेमसाठी एकूण वीस युनिट्स होतात. हा लेख याच हिशोबावर बांधला आहे, कारण आकडे डोळ्यासमोर असले की नियोजन खरं होतं. तुमचा पॅटर्न किंवा विद्यापीठ वेगळं असेल तर अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये सुरुवातीलाच परीक्षा-योजनेचा तक्ता असतो. त्यातले आकडे घाला, पद्धत तीच राहील.

लेख ज्यांना दिवसभर मोकळा वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी आहे. संध्याकाळी चार तास काम, रोज दीड तास बस किंवा लोकल, त्यात जर्नल पूर्ण करायची घाई. अशा विद्यार्थ्याला दिवसाचे तीनच तास मिळतात असं धरू. एकवीस दिवसांचे त्रेसष्ट तास झाले. एवढ्यात वीस युनिट्स नीट होतात, पण वेळ कशावर घालवायचा हे आधी ठरलेलं असेल तरच.

आधी एक गोष्ट पक्की करा

‘वाचताना सगळं कळतं, पेपरात लिहायला गेलं की आठवत नाही’ ही तक्रार प्रत्येक वर्गात ऐकू येते. त्यात बुद्धीचा दोष नसतो, सराव चुकीच्या गोष्टीचा झालेला असतो. पुन्हा पुन्हा वाचल्यानं मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचा वाटला की आपल्याला तो येतो असा भास होतो. पेपरात मात्र पुस्तक समोर नसतं. तिथं ओळखायचं काहीच नसतं, सगळं आतून बाहेर काढायचं असतं. ज्याचा सराव केलाच नाही ते त्या दिवशी कसं जमेल?

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासून पाहिलं. एका गटानं उतारा दोनदा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं मात्र चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहून पाहणाऱ्यांना ५६. पाच मिनिटांनंतरचा तो फायदाच आपल्याला फसवतो. रात्री पुस्तक मिटताना सगळं डोक्यात असतं, म्हणून तीच पद्धत बरोबर वाटत राहते.

तेव्हा नियम असा ठेवा की पुस्तक बंद करून काही लिहिलं नसेल, तर त्या बैठकीला अभ्यास म्हणून धरायचं नाही.

पहिला दिवस : पेपर उलगडणं

पहिल्या दिवशी अभ्यासाला हात लावू नका. तीन तास नियोजनाला द्या. प्रत्येक विषयाच्या मागच्या पाच-सहा प्रश्नपत्रिका मिळवा. झेरॉक्सच्या दुकानात गठ्ठा तयार मिळतो, सीनियरकडे पीडीएफ असतात. पॅटर्न तोच आहे ना एवढं बघून घ्या, जुन्या पॅटर्नचे पेपर मिसळले की सगळा हिशोब चुकतो.

प्रत्येक युनिटसाठी एक पान घ्या. डावीकडे अभ्यासक्रमातले मुद्दे लिहा. प्रत्येक पेपरमधला प्रश्न ज्या मुद्द्यावर असेल त्याच्यापुढे त्याचे गुण टाका. पाच पेपर झाले की पान स्वतःच बोलायला लागतं. काही मुद्द्यांपुढे पाच वेळा सहा गुण दिसतात, काहींपुढे एकदाच तीन, काहींपुढे काहीच नाही.

आता ‘ऑप्शनला टाकण्याचा’ प्रश्न. इथं बऱ्याच जणांचं गणित चुकतं. एंडसेममध्ये पहिला किंवा दुसरा प्रश्न, तिसरा किंवा चौथा, असा पर्याय असतो, आणि जोडीतले दोन्ही प्रश्न एकाच युनिटचे असतात. म्हणजे पर्याय युनिटच्या आत आहे. अख्खं युनिट सोडलं तर सतरा-अठरा गुण थेट गेले, त्याच्या बदल्यात दुसरीकडे काही मिळत नाही. उलट प्रत्येक युनिटमधले थोडे मुद्दे सोडणं परवडतं. पानावर ज्यांच्यापुढे फारसे गुण नाहीत ते मुद्दे वर्तुळात टाका आणि वेळ उरला तरच बघा. फक्त एक पाहा : पुढचा मुद्दा ज्यावर उभा आहे तो मुद्दा, त्यावर प्रश्न येत नसला तरी, सोडायचा नाही.

तासांचा हिशोब

एका युनिटला पहिल्या फेरीत दोन तास. वीस युनिट्सचे चाळीस. प्रत्येक युनिटच्या पुढे तीन उजळण्या : दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं, चौथ्या दिवशी दहा, दहाव्या दिवशी पंधरा. युनिटमागे पस्तीस मिनिटं, वीस युनिट्सचे जवळपास बारा तास. एकूण बावन्न झाले. उरलेल्या अकरा तासांतले तीन नियोजनाला गेले. आठमध्ये सगळ्यांत जड तीन विषयांचा एकेक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, अडीच अडीच तासांचा. राखीव असं अर्ध्या तासाहून जास्त काही उरत नाही. म्हणून एखादा दिवस आजारपणात किंवा घरच्या कार्यात गेला तर उजळणी कापू नका, एक पूर्ण पेपर कापा.

उजळण्यांतली अंतरं अशी वाढती का? एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी, पुढच्या लांब गेल्या तरी चालतात. थोडं विसरल्यावर आठवायला कष्ट पडतात, आणि त्या कष्टानंच ते पक्कं बसतं. एकच युनिट सलग तीनदा वाचलं तर वेळ तितकाच जातो आणि हाती फारसं लागत नाही.

क्रम लावताना पेपरच्या वेळापत्रकानं जाऊ नका. तसं केलं की शेवटच्या विषयाची पाळी कधी येतच नाही. रोज दोन बैठका ठेवा, एक गणिताची आणि एक थिअरीची. जड युनिट्स पहिल्या आठवड्यात घ्या, म्हणजे त्यांना तिन्ही उजळण्या मिळतील. शेवटी आलेल्या सोप्या युनिट्सची तिसरी उजळणी दोन पेपरांमधल्या सुट्टीत होते.

एका तासाची बैठक

पहिली पाच मिनिटं : कोऱ्या कागदावर युनिटचं नाव लिहा आणि आत्ता जे काही माहीत आहे ते लिहा. दोनच ओळी झाल्या तरी चालेल. लेक्चरला बसलेलं काहीतरी वर येतं आणि नेमकं काय माहीत नाही ते कळतं.

पुढची तीस मिनिटं वाचन, पण प्रश्नपत्रिकेतले प्रश्न शेजारी ठेवून. ऑपरेटिंग सिस्टिममधलं ‘डेडलॉक’ (प्रोसेस एकमेकींसाठी कायमच्या अडून बसणं) हे प्रकरण वाचायचं नाही, ‘डेडलॉक होण्यासाठीच्या चार अटी सोदाहरण स्पष्ट करा’ याचं उत्तर शोधायचं. हायलायटर बाजूला ठेवा. रंगवलेलं पान पाहून काम झाल्याचं समाधान मिळतं, पण २०१३ साली डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला तेव्हा हायलायटिंग आणि पुनर्वाचन दोन्ही कमी उपयोगाच्या गटात गेली. स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं या दोनच पद्धती वरच्या गटात आल्या.

नंतर पंधरा मिनिटं पुस्तक बंद. उत्तर लिहा, आकृती काढा. अडलात तर लगेच डोकावू नका, अर्धा मिनिट थांबा. तरीही नाही आलं तर तेवढी जागा मोकळी सोडून पुढे जा.

शेवटची दहा मिनिटं पुस्तक उघडून लाल पेनानं सुटलेलं भरा. हे लाल शब्दच पुढच्या उजळणीचा माल. दुसऱ्या दिवशीच्या दहा मिनिटांत अख्खं युनिट परत वाचायचं नसतं. लाल जागा झाकून पुन्हा लिहायच्या, आल्या तर टिक करायची, नाही तर पुन्हा लाल.

दुसऱ्या तासात त्याच युनिटचे जुने प्रश्न सोडवा. एकाच दिवशी दोन्ही तास जमले नाहीत तरी हरकत नाही, मध्ये रात्र गेली तर उलट बरंच.

एकदा कळलं की चार अटी घोकायला लागत नाहीत. डेडलॉकचंच बघा. अरुंद चौकात चारही बाजूंनी एकेक गाडी घुसली आहे. एका जागेवर एकच गाडी मावते, ही म्युच्युअल एक्सक्लुजन. प्रत्येकानं आपली जागा धरून ठेवून पुढची मागितली आहे, ही होल्ड अँड वेट. कुणाची गाडी उचलून बाजूला ठेवता येत नाही, ही नो प्रीएम्प्शन. आणि पहिला दुसऱ्यासाठी, दुसरा तिसऱ्यासाठी, तिसरा चौथ्यासाठी, चौथा पुन्हा पहिल्यासाठी अडला आहे, ही सर्क्युलर वेट. यातली एक अट काढली तर चौक मोकळा होतो का, हे प्रत्येकीसाठी स्वतःला विचारा. डेडलॉक टाळण्याचे उपाय हा पुढचा प्रश्न त्यातच सुटतो. थिअरीच्या प्रत्येक यादीला ‘ही नसती तर काय झालं असतं’ हा प्रश्न लावून पाहा. चार ओळी पाठ करण्यापेक्षा वेळ कमी लागतो आणि पेपरात शब्द विसरले तरी मुद्दा हातात राहतो.

गणितं : एकाच प्रकारची दहा सोडवू नका

मॅथ्स आणि गणिती विषयांत नेहमीची चूक वेगळी असते. पुस्तकात धड्याखाली एकाच प्रकारची गणितं लागोपाठ असतात. तिसऱ्या गणितापासून हात आपोआप चालतो आणि आपल्याला जमलं असं वाटतं. पेपरात मात्र हे गणित कुठल्या प्रकाराचं, हे कुणी सांगत नाही, आणि गुण तिथंच जातात.

प्रॉबेबिलिटी घ्या. बायनोमियलची दहा गणितं एका दमात केलीत तर सूत्रात किंमती भरण्याचा सराव झाला. त्याऐवजी बायनोमियल, पॉयसन आणि नॉर्मलची प्रत्येकी तीन गणितं चिठ्ठ्यांवर लिहून मिसळा. चिठ्ठी उघडली की सोडवण्याआधी फक्त प्रकार आणि कारण एका ओळीत लिहा : प्रयत्नांची संख्या ठरलेली आणि दर वेळी यश-अपयश असे दोनच निकाल, म्हणून बायनोमियल. प्रयत्न खूप, प्रत्येकात यशाची शक्यता अगदी कमी आणि सरासरी काढता येते, म्हणून पॉयसन. उंची, वजन, आयुर्मान असं सलग मोजमाप, सरासरी आणि प्रमाण विचलन दिलेलं, म्हणून नॉर्मल. मिसळलेला सराव करताना चुका जास्त होतात आणि अभ्यास बिघडल्यासारखं वाटतं. तसं वाटू द्या. त्या चुका घरी झालेल्या बऱ्या.

चुकांसाठी एक वेगळी वही ठेवा. प्रत्येक चुकीला एकच ओळ : काय चुकलं आणि कशामुळे. ‘चिन्ह चुकलं’ एवढं पुरत नाही. ‘कंसाबाहेरचं वजा आत नेताना दुसऱ्या पदाचं चिन्ह बदललं नाही’ असं हवं. दहा दिवसांनी वही चाळली की दिसतं, चुका तीस नाहीत, त्याच चार पुन्हा पुन्हा होतात. पेपरात ताळा करताना त्या चारच तपासायच्या.

आणखी एक : सोडवलेलं उदाहरण वाचणं म्हणजे गणित सोडवणं नव्हे. वाचायचंच असेल तर प्रत्येक पायरी झाका, पुढची स्वतः लिहा, मग उघडून पाहा.

तुकड्यातुकड्यांचा वेळ

बस, लोकल, कामावरची सुट्टी यांत नवीन काही शिकायला जाऊ नका. तो वेळ आठवण्याचा. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची कार्डं करा, पुढे प्रश्न, मागे उत्तर. एका कार्डावर एकच गोष्ट. मागे पाच मुद्द्यांची यादी लिहिली तर तीन आले की आपण स्वतःला माफ करतो, आणि उरलेले दोन पेपरपर्यंत येत नाहीत.

कार्डांना तीन रबरबँड लावा. पहिल्या गठ्ठ्यातली रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्यानं. उत्तर आलं तर कार्ड एक गठ्ठा पुढे, चुकलं तर थेट पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही पेटीची पद्धत आहे. अँकी हे ॲप तेच काम फोनवर करतं. पण फोन हातात घेतला की इन्स्टाग्राम उघडण्याची सवय असेल तर कागदच बरा. दिवसाला नवीन दहा-बारा कार्डांच्या वर जाऊ नका, नाहीतर उजळणीचा ढीग चढतो आणि पाचव्या दिवशी सगळंच सुटतं.

गर्दीत उभ्यानं कार्डं काढता येत नसतील तर आदल्या रात्री फोनवर आपल्याच आवाजात प्रश्न रेकॉर्ड करा. प्रत्येक प्रश्नानंतर दहा सेकंद शांतता ठेवा, मग उत्तर. त्या दहा सेकंदांत मनात उत्तर द्यायचं. शांतता ठेवली नाही तर ते नुसतं ऐकणं होतं.

यूट्यूबवरच्या ‘वनशॉट’ व्हिडिओंचंही असंच आहे. दुप्पट वेगानं तीन तासांचं युनिट ऐकून होतं आणि हाती काही लागत नाही. न समजलेल्या मुद्द्यापुरता व्हिडिओ बघा, दर दहा मिनिटांनी थांबवा, न बघता तीन ओळी लिहा.

सबमिशन आणि ओरल थिअरीच्या आधी येतात, आणि त्या दिवसांत अभ्यास बंद पडतो. तो बंद पडू द्यायची गरज नाही. ओरलला विचारतात ते प्रश्न थिअरीच्या युनिट्समधलेच असतात. जर्नल लिहिताना प्रत्येक प्रयोगाखाली दोन ‘का’चे प्रश्न काढा आणि मित्राला विचारा. दोघांचा ग्रुप चांगला, चौघांहून जास्त झाले की गप्पा होतात. समोरच्याला न बघता समजावता आलं तर तो मुद्दा झाला.

अभ्यासिकेत किंवा खोलीवर बसताना फोन सायलेंटवर टेबलावर ठेवणं पुरत नाही. दिसत राहतो तोवर लक्ष तिकडे ओढलं जातं. बॅगेत, आणि बॅग हाताला न येईल अशा ठिकाणी. पीडीएफची झेरॉक्स काढायला खर्च येतो हे खरं, पण प्रश्नपत्रिका आणि युनिटची पानं एवढी तरी कागदावर असू द्या.

झोप कापून मिळालेले तास खोटे असतात

दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. रात्री दोनला झोपून सहाला उठलं तर तीन तास जादा मिळाल्यासारखे वाटतात, पण आदल्या दिवशीचं कमी टिकतं आणि पुढच्या दिवशीचे तीन तास जांभया देत जातात. सात तास धरून वेळापत्रक बांधा. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून अकराला झोपायचं असेल तर शेवटचा चहा पाच-सहाच्या आत. पेपरच्या आदल्या रात्री नवीन मुद्दा उघडू नका. लाल जागा आणि चुकांची वही, एवढंच.

तीनच दिवस उरले असतील तर

वरचा हिशोब तेव्हा लागू होत नाही. सगळ्यांत जास्त गुण दिसलेले मुद्दे प्रत्येक युनिटमधून तीन घ्या, चारही युनिट्समधून. एका मुद्द्याला वीस मिनिटं : आठ वाचायला, आठ लिहायला, चार तपासायला. एका विषयाच्या बारा मुद्द्यांचे चार तास. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच बारा कोऱ्या कागदावर लिहून बघा. नवीन मुद्दे त्यानंतरच. तीन युनिट्स पूर्ण करून चौथं कोरं सोडण्यापेक्षा यात गुण जास्त मिळतात.

पेपरचे अडीच तास

दीडशे मिनिटं, सत्तर गुण. पहिली पाच मिनिटं वाचायला आणि चार जोड्यांतून चार प्रश्न निवडायला, शेवटची पाच तपासायला. मधली एकशेचाळीस मिनिटं, म्हणजे एका गुणाला दोन मिनिटं. सहा गुणांच्या उपप्रश्नाला बारा, अख्ख्या अठरा गुणांच्या प्रश्नाला छत्तीस. प्रत्येक प्रश्न किती वाजता संपायला हवा ते प्रश्नपत्रिकेवर लिहू नका, घड्याळाकडे बघून लक्षात ठेवा. प्रश्नपत्रिकेवर आसन क्रमांकाखेरीज काही लिहिलं तर अडचण येऊ शकते.

सर्वांत चांगला येणारा प्रश्न आधी, पण त्याला ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त देऊ नका. वेळ तिथंच सांडतो. येणाऱ्या उत्तराला तीन पानं लिहिली जातात आणि शेवटच्या प्रश्नाला दहा मिनिटं उरतात. सहा गुणांच्या उत्तरात व्याख्या, पेन्सिलीनं काढलेली नावं दिलेली आकृती, चार मुद्दे आणि एक उदाहरण असलं की पुरे. प्रत्येक प्रश्न नव्या पानावर सुरू करा. गणित अडलं तर पायऱ्या लिहून पुढे जा, सूत्र आणि मांडणीलाही गुण असतात.

हात थरथरत असतील, पोटात गोळा येत असेल, तर पेपरच्या आधी दहा मिनिटं काय भीती वाटते ते कागदावर लिहून काढा आणि कागद फाडून टाका. रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ च्या प्रयोगात असं लिहिणाऱ्या घाबरट परीक्षार्थींचे गुण सुधारले होते. वर्गाबाहेरच्या घोळक्यात ‘हे केलंस का, ते आलं तर?’ चाललेलं असतं, त्यात उभं राहू नका.

काही दिवस झोपच लागत नसेल, जेवण तुटलं असेल, जगण्याबद्दलच वाईट विचार येत असतील, तर ते परीक्षेच्या ताणापलीकडचं आहे आणि त्याला अभ्यासाची पद्धत उपाय नाही. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर पुढच्या सत्रात पेपर पुन्हा देता येतो. हे घरच्यांनीही विद्यार्थ्याला मोठ्यानं सांगायला हवं.

पहिला पेपर झाला की उत्तरं जुळवत बसू नका. घरी या, जेवा, अर्धा तास पडा. मग दुसऱ्या विषयाच्या चार युनिट्सची पानं काढून लाल जागांपासून सुरुवात करा.